शेवटचे कडवे गाळू नये

मी, पद्मावती गिरीराज हुक्केरीकर, वय ७३, शिक्षण बी.ए. (बेळगाव, १९७२), सरकारी कारखान्यातून निवृत्त ट्रेसर (यंत्रभागांची ड्रॉइंग काढणारी), राहणार जे. पी. नगर, बेंगळुरू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी सकाळीच दिला. दाखल्यात रागाचा उल्लेख नाही, म्हणून तो मी इथे करते. मी रागात आहे आणि पूर्ण शुद्धीत आहे.

१. जे. पी. नगरचा फ्लॅट माझ्या पगारातून घेतलेला व माझ्या एकटीच्या नावे आहे. तो माझे दीर नंदकिशोर यांची मुलगी यशश्री हिला द्यावा. कारण पुढे येईल.

२. बँकेतली ठेव शेजारीण धनलक्ष्मी हिला. माझ्या गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर दोन महिने तिने डबा दिला. विचारपूस करायला फोन मात्र सगळ्यांनी केले.

३. ड्रॉइंगची पेटी, सेट-स्क्वेअर आणि जर्मन पेने धनलक्ष्मीची मुलगी कावेरी हिला. ती इंजिनिअरिंगला आहे. तिने एक गोष्ट लक्षात ठेवावी. कारखान्यात मी साध्या वॉशरचे ड्रॉइंग काढले तरी खालच्या कोपऱ्यात ते कोणी काढले, कोणी तपासले, हे लिहिल्याशिवाय कागद पुढे जात नसे. एकतीस वर्षे माझी आद्याक्षरे नट-बोल्टांखाली होती. माझ्या गाण्यांखाली नव्हती.

४. आता गाणी. मी एकूण चव्वेचाळीस गाणी रचली, चाली लावल्या आणि ती गायली. आमच्याकडे निपाणीला भजन म्हणणारा रचणाऱ्याचे नाव शेवटच्या कडव्यात घेतो. नाव आले की ऐकणारे हात जोडतात आणि गाणे संपते. मी तीच रीत ठेवली. माझ्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी ‘पद्मा म्हणे’ आहे.

१९८९च्या गणपतीत बनशंकरीच्या आमच्या मंडळात मी कारखान्याच्या बसचे गाणे म्हणणार होते. पहाटे बसमध्ये जागेसाठी भांडणाऱ्या बायकांचे ते गाणे आहे. नंदकिशोर मंडळाचे चिटणीस. ते स्टेजमागे येऊन म्हणाले, “वहिनी, दोनच कडवी घ्या. पुढे मुलांचा फॅन्सी ड्रेस आहे, पोरं रंग लावून ताटकळलीत.”

मी म्हणाले, “सरी.”

‘बरं’ या अर्थाचा हा एक कानडी शब्द मी बोलायला नको होता. त्याचा राग माझा माझ्यावर आहे आणि तो कोणाच्याही नावे करता येत नाही.

त्यानंतर मंडळात ते गाणे दरवर्षी दोनच कडव्यांचे झाले. १९९६ साली मंडळाने गाण्यांचे पुस्तक छापले. पान ४१ वर माझे गाणे आणि खाली ‘पारंपरिक’. शिवाय ‘सर अक्का, स्वल्प सर’ याचे ‘सर सखे, जरा सर’ केलेले. पहाटे साडेपाचला कोणती बाई दुसरीला सखे म्हणते?

मी विचारायला गेले. नंदकिशोर म्हणाले, “आमच्या कागदावर नाव नव्हतं. आणि वहिनी, जिवंतपणी पारंपरिक होणं म्हणजे केवढा मान!” माझे यजमान, आता ते नाहीत, म्हणाले, “सोड ना पद्मा, घरातलाच माणूस आहे.” घरातला होता म्हणूनच त्याला माहीत होते.

५. नंदकिशोर यांना त्या पुस्तकाची माझी प्रत द्यावी. पान ४१ वर लाल शाईने दुरुस्ती केली आहे. दुसरे काही देऊ नये.

६. त्यांचा मुलगा मुकुल कोरमंगलाच्या कंपनीत आहे. गेल्या दिवाळीत येऊन म्हणाला, “काकू, तुमच्या कॅसेट द्या. कॉम्प्युटर तुमचा आवाज शिकेल. मग तुम्ही नसलात तरी नवी गाणी गाल.”

“कुणाची गाणी?”

“कुणाचीही! आणि आवाज थोडा गोड करता येतो हं.”

मी त्याला चहा पाजून वाटेला लावले. इथे लेखी सांगते. मी नसले की मी गाणार नाही. माझा आवाज जाड आहे. मंडळाने त्याला पुरुषी म्हटले, मी त्याला माझा म्हणते. तो यंत्राला शिकवायला माझी परवानगी नाही. मुकुलला नाही, कोणालाच नाही.

७. आठ कॅसेट, गाण्यांच्या दोन वह्या, हार्मोनियम आणि गाण्यांचे सर्व हक्क यशश्रीला. ती बारा वर्षांची असताना तिने विचारले होते, “काकू, हे गाणं अर्धवट का वाटतं? बस कुठं पोचतच नाही.” एवढ्या वर्षांत हा प्रश्न तिने एकटीने विचारला. मी तेव्हा स्वयंपाकघरात उभ्याने तिला शेवटचे कडवे म्हणून दाखवले. तिला ते अजून पाठ आहे. मागच्या महिन्यात मी फोनवर खात्री केली.

कॅसेट चारमध्ये मी खोकले आहे. तो खोकला काढू नये.

८. माझ्यामागे मंडळाने शोकसभा घेतली तर यशश्रीने ते गाणे म्हणावे. वेळ कमी असल्यास भाषणे गाळावीत. शेवटचे कडवे असे:

तुझी माझी बस एकच, अक्का, थांबे तेवढे वेगळे;
पद्मा म्हणे, उतरण्याआधी नाव सांगून जा सगळे.

९. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम धनलक्ष्मीने करावे. नंदकिशोर मदतीला येतील. त्यांना बसवावे, कॉफी द्यावी, कागद देऊ नयेत.

वकिलांनी सांगितले की वरचे सगळे कितीही नीट लिहिले, तरी खाली माझी सही नसेल तर या कागदाला रद्दीची किंमत. मी त्यांना म्हटले, ही रीत मला ठाऊक आहे. नाव शेवटी येते. या वेळी ते गाळून पाहावे.

बेंगळुरू, १४ ऑक्टोबर २०२४

(सही) पद्मावती गिरीराज हुक्केरीकर

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली व ज्यांनी माझ्यासमोर सही केली:
१. (सही) नागराज मल्लाप्पा हडपद, कारखान्यातील माजी सहकारी, बनशंकरी
२. (सही) डॉ. हर्षिता कुलगोड, जे. पी. नगर