वाळूला पाणी

१ फेब्रुवारी २०२५, उंद्री
ठरलं. जाते मी! हे दिवसभर बोलले नाहीत आणि संध्याकाळी एकदम म्हणाले, "समुद्रावर काय ठेवलं वं आता? पोरगी तं गेली." गेली म्हणून तर जायचंय.

समीक्षा ऑगस्टमध्ये गेली. साध्या तापाचं निमित्त. त्याआधी दोन हिवाळे ती कोकणात कासवांची अंडी राखायला जायची. तिथल्या गावाचीच समिती आहे. पगार नाही, काही नाही, नुसती हौसेची राखण. समितीच्या सुगंधाताई तेरवीला एवढ्या लांबून आल्या होत्या. निघताना म्हणाल्या, "कधी वाटलं तर या." वाटलं.

मला एकच जाणून घ्यायचंय — तिथं असं काय होतं, जे आमच्या घरात नव्हतं? गोपालच्या लग्नालासुद्धा आली नाही. सख्खा चुलत भाऊ! फोनवर एवढंच, "आई, मले थांबाच लागते." का, ते सांगितलं नाही. दोन वर्षं झाली, काटा अजून सलतो. आणि आता विचारायला ती नाही.

३ फेब्रुवारी, गाडीत
मलकापूरला ह्यांनी गाडीत बसवून दिलं. हातात भाकरी-ठेच्याचं गाठोडं. "थे लोक मासोया देतीन. खाऊ नको बरं." जसं काही मला कोणी धरून भरवणार होतं! गाडी हलली तरी खिडकीशी चालत होते. रागावलेला माणूस असा चालत नाही.

५ फेब्रुवारी, कोकण
समुद्र पाहिला. मोठा आहे. बाकी काय लिहू!

समितीचं केंद्र म्हणजे किनाऱ्यावर एक जाळीचं कुंपण. आत वाळूत खड्डे, प्रत्येकावर तारखेची पाटी. कासवीण वाळूत अंडी घालून निघून जाते आणि कुत्री-कोल्ही ती उकरून खातात. म्हणून ही माणसं पहाटे किनारा फिरून अंडी उचलतात आणि इथं आणून पुरतात. उचलताना वरची बाजू वरच ठेवायची, फिरवायचं नाही.

ते कुंपण पाहून मला हसूच फुटलं. अगं, ही तर आपली रोपवाटिका! आमच्या वांग्या-मिरचीच्या वाफ्यांवर अशाच पाट्या असतात. पोरीनं एवढ्या लांब येऊन हेच केलं. मग घरी काय वाईट होतं?

सुगंधाताईंनी कोपऱ्यातला एक खड्डा दाखवला. जानेवारी सरता सरता भरलेला. "हा तुमचा. राखण तुमची." समीक्षाची टोपी अजून तिथं खुंटीला आहे. मी हात लावला नाही.

११ फेब्रुवारी
इथं लुगडं वाळत नाही आणि भातानं पोट भरत नाही. पुण्याहून दोन मुली आल्यात राखणीला. "काकू, तुमची भाषा किती गंमतशीर!" म्हटलं, "तुमचीबी काही कमी नाही व माय." हसल्या बिचाऱ्या. कामाला चांगल्या आहेत.

१९ फेब्रुवारी
काय ऊन! वाळूवर पाय ठेववत नाही. माझा खड्डा पार कोरडा पडलाय. आमच्याकडे असं एक दिवस ठेवलं तर रोपं माना टाकतात. इथं कोणालाच त्याचं काही नाही. सगळे आपापल्या कामात.

२० फेब्रुवारी
केंद्रामागच्या अडगळीत झारी सापडली! चांगली पत्र्याची. दिवस कलल्यावर विहिरीचं पाणी भरून आणलं आणि खड्ड्यावर सोडलं. हळूहळू, धार लागू न देता. वाळू कशी गार झाली. हात फिरवत बसले.

बरं वाटलं. ऑगस्टनंतर पहिल्यांदा बरं वाटलं.

२७ फेब्रुवारी
रोज घालते. बाकीचे चहाला जातात तेव्हा. चाळीस-एक दिवस झाले की पिल्लं वर येऊ लागतात म्हणे. माझी सगळ्यात आधी येतील, पैज लावते!

४ मार्च
आज सुगंधाताईंनी ओली वाळू पाहिली.

"अनुपमाताई, ह्याच्यावर पाणी घातलंत?"

मी ऐटीत म्हटलं, "रोज घालते!"

त्या खड्ड्याशी बसल्या. ओली वाळू मुठीत घेऊन पाहिली. मग म्हणाल्या, "अंड्यातलं पिल्लू वाळूतनंच श्वास घेतं ओ. पाण्यानं गुदमरतं."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ओरडले, "मग मले कोणी सांगतलं काऊन नाही!"

"नाय सांगितलं," त्या म्हणाल्या. "आमचंच चुकलं."

एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. नंतर पाहिलं, भिंतीआड समीक्षाची टोपी हातात घेऊन रडत होत्या. अंड्यांसाठी असेल. आपल्याच हातांची शिसारी येतेय मला. ह्याच हातांनी उभा जन्म रोपं वाढवली!

५ मार्च
ती झारी पुन्हा अडगळीत टाकून आले.

८ मार्च
ह्यांचा फोन. "लय दिवस झाले. ये वापस." शिवाय डिंपलचा साखरपुडा आहे — गोपालची बहीण. मोठी काकू नसली तर लोक काय म्हणतील?

म्हटलं, नाही. मनात होतं, खड्डा उघडेपर्यंत इथून हलता यायचं नाही. एखादं तरी जगलं असेल! आपण करून ठेवलं ते दुसऱ्यावर टाकून मांडवात मिरवायचं? "तुमी सांगा सगळ्याईले. मले थांबाच लागते."

"काऊन, थे तं सांग," हे म्हणाले. मला सांगवलं नाही. फोन ठेवून दिला.

१८ मार्च
शेजारचा खड्डा फुटला. वाळू हलली आणि पिल्लं वर आली. तळहातापेक्षा लहान, काळी, नुसती घाई. आपण उचलून पाण्यात ठेवायची नाहीत, वाळूवर सोडायची. आपली आपण चालत गेली. गावातली लहान-थोर सगळी बघायला आलेली, पुण्याच्या मुली रडल्या. मी माझ्या खड्ड्याशी येऊन बसले. तो गप्प होता.

२९ मार्च
उघडला. वास आधी आला.

एकही नाही. काही अंड्यांत पूर्ण झालेली पिल्लं होती, डोळे मिटलेली. मी हातानं दुसरा खड्डा खणला आणि सगळी पुरली. सुगंधाताई शेजारी बसून होत्या. काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. "नीट जा घरी," एवढंच म्हणाल्या.

जे विचारायला आले होते ते विचारायचं तोंडच राहिलं नाही.

२ एप्रिल, उंद्री
घरी. मिरचीची रोपं तरारलीत. ह्यांनी नीट राखली. आज झारी माझ्यापुढे धरली, "घाल ना वं." मी आत निघून आले.

५ एप्रिल
सुगंधाताईंचा फोन आला. म्हणाल्या, "सांगू नका म्हणाली होती. पण आता लपवून काय करू?"

पहिल्या वर्षी समीक्षानंही हेच केलं होतं. ती झारी तिनंच बाजारातून आणलेली. रोज दिवस कलल्यावर, हळूहळू, धार लागू न देता. सगळी अंडी गेली. गोपालचं लग्न होतं तेव्हा ती त्या खड्ड्याशी बसून होती. "आईले नका सांगू. तिले वाटन, तिनं शिकवलं थेच चुकलं."

पुढच्या वर्षी येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी "पाणी घालू नका" हे सांगायचं काम तिनं मागून घेतलं. यंदा ते सांगायला ती नव्हती.

पोरगी माझ्यापासून लांब गेलीच नव्हती! ह्यांना सगळं सांगितलं. मग दोघांनी जाऊन मिरचीला पाणी घातलं.