वकिलांच्या खांद्यातला माझा कान

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात ना? भाऊजींचा खोकला गेला असेल, आणि गेला नसेल तर त्यांनी औषध घेतलेलं नाही, हे मी इथे बसून सांगतो. आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे तुझी भावजय ठीक आहे आणि मी तिच्या ताब्यात आहे. तू तिला चार ओळी लिहाव्यास, म्हणूनच हे पत्र. कानाचं यंत्र मला कायमचं डब्यात ठेवायचंय आणि ती ठेवू देत नाही. आमच्या घरात ती फक्त तुझं ऐकते.

ऑपरेशनचं तुला कळलंच आहे. आपले कान लहानपणापासून वाहते (आपले म्हणजे माझे, तू फक्त कापूस बदलायचीस), त्यामुळे कानात बसणारं यंत्र मला कधी चाललंच नाही. या डॉक्टरांनी कानालाच वगळून टाकलं. कानामागे कातडीखाली, हाडात एक तुकडा बसवला, आणि त्यावर बाहेरून कोटाच्या बटणाएवढं यंत्र लोहचुंबकाने चिकटतं. आवाज हाडातून थेट आत जातो. महिन्याभराने ते सुरू केलं तेव्हा ऐकायला शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, कसं वाटतंय. मी म्हटलं, एवढं ओरडू नका. त्या कुजबुजत होत्या म्हणे.

इथपर्यंत छान होतं. मग मी दुकानात आलो. ताई, शिलाई मशीन किती आवाज करतं याची मला चाळीस वर्षं कल्पना नव्हती! (शेजारचा चष्मेवाला माझ्यावर घुश्श्यात का असतो तेही कळलं.) कात्री कुरकुरते, पंखा कण्हतो, माप देताना गिऱ्हाईक पोट आत घेतं त्याचाही आवाज येतो. बाई म्हणतात, सवय व्हायला वेळ लागेल, यंत्र दिवसभर घाला आणि रोजचे नवे आवाज वहीत लिहा. वही चार दिवसांत भरली, डोकं त्याच्या आधीच. शिवाय मी पडलो शिंपी. तोंडातल्या टाचण्या काढायला हात वर न्यावा, तर दोनचार जाऊन कानामागे चिकटतात. एक आजोबा पँटच्या ट्रायलला आले होते, ते माझं डोकं बघून पँट न बघताच परत गेले.

मागच्या आठवड्यात तर हद्द झाली. एका वकीलसाहेबांचा काळा कोट घाईचा होता. खडखडाटाने जीव मेटाकुटीला आला, म्हणून मी यंत्र काढून समोरच्या खांद्याच्या पॅडवर ठेवलं. पॅडला टाचण्या होत्या, ते तिथेच घट्ट बसलं. आणि मी मस्त शांततेत पॅड आत घालून वरून अस्तर शिवून टाकलं आणि कोट देऊनही टाकला. चाळीस वर्षांत कपड्यात एक टाचणी राहू दिली नव्हती गं मी! संध्याकाळी तुझ्या भावजयीने यंत्र कुठाय विचारलं, मी म्हटलं डब्यात. दुसऱ्या दिवशीही डब्यात. (मला खरंच तसं वाटत होतं. डबा उघडून बघायची हौस कोणाला होती?) तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वकीलसाहेब कोट घेऊन हजर. डावा खांदा टोचतो आणि हात वर केला की शिट्टी वाजते, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. न्यायाधीशांनी म्हणे दोनदा वर पाहिलं. अस्तर उसवलं, तर चार टाचण्यांसकट माझा कान बाहेर. (हे यंत्र दाबलं गेलं की शिट्टी मारतं.) दोन दिवस कोर्टात बसून आला, आणि मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. वकीलसाहेब भला माणूस, रागावले नाहीत. फक्त, यात बोलणं साठून तर राहत नाही ना, एवढं दोनदा विचारून गेले.

तेव्हापासून माझ्यावर पहारा आहे. सकाळी ती स्वतः यंत्र लावते, माझ्या पाठीमागे उभी राहून बाईंनी दिलेली वाक्यं वाचते, आणि ती मी परत म्हणायची. 'गाय झाडाखाली उभी आहे.' साठीच्या माणसाने रोज नाश्त्याआधी ही गाय उभी करायची! आणि एवढं करून मी 'बाई झाडाखाली' म्हटलं की ती खुशाल हसते. माझं म्हणणं साधं आहे. इतकी वर्षं न ऐकता गेली, काही अडलं नाही. गिऱ्हाईक बोटाने दाखवतं, मी शिवतो. तेव्हा तिला लिही, की त्याला आता शांत बसू दे. तू लिहिलंस की ती मुकाट्याने मानेल.

भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. : कागदावर पेन सरकताना आवाज येतो, हे मला आत्ता कळलं. तू कधी सांगितलं नाहीस.

ता. क. २ : तिला काही लिहू नकोस. रविवारी सकाळी फोन कर. या यंत्राला फोन जोडता येतो, आणि बाई म्हणतात की समोर तोंड दिसत नसलेल्या माणसाचं ऐकायची आता वेळ झाली. कोणाचं ऐकाल विचारलं, तर मी तुझं नाव सांगून बसलो, आणि तेव्हापासून घाबरलोय. एवढं सगळं करून तुझंच बोलणं कळलं नाही तर? त्यापेक्षा डबा बरा, असं वाटून वरचा सगळा खटाटोप केला. आजवर तू तिच्याशी पाऊण पाऊण तास बोलत आलीस, आणि फोन ठेवून ती मला खुणेने सांगते, 'बरी आहे.' ताई, एवढं काय बोलतेस तू? या वेळी तिला, फोन त्याला दे, म्हण. ओरडू नकोस. मी पुन्हा पुन्हा विचारीन, चिडू नकोस. आणि 'बरी आहे' एवढ्यावर माझी बोळवण करू नकोस, मलाही अख्खा पाऊण तास हवाय.