आठव्या सळईचा विजय

रविवार, ४ जानेवारी
मंडळाच्या हौशी रेडिओ केंद्रातला माईक आज पुन्हा चावला — या खेपेस चिटणिसांच्या ओठाला. प्रक्षेपणाचे बटण दाबले की झिणझिणी. अध्यक्षकाकांचे निदान नेहमीचेच : "अर्थिंग कमी पडतंय. आणखी एक सळई ठोका." अंगणात सहा झाल्या; ही सातवी. दोष जाईपर्यंत नवख्यांनी माईकला हात लावायचा नाही, हा दंडकही त्यांचाच. परवाना मिळून सात महिने झाले. मी अजून एक अक्षर प्रक्षेपित केलेले नाही.

बुधवार, ७
केंद्र तिसऱ्या मजल्यावर, सळया जमिनीत, मधली तार दहा मीटर. आमच्या चाळीस मीटरच्या लहरीला ती नेमकी पाव लहर; म्हणजे खालचे टोक जमिनीत असूनही वरचे टोक जमिनीला ओळख देत नाही, प्रवाह तिच्यातून खाली उतरतच नाही. उपद्रवी प्रवाह मुळात अँटेनाकडून, केबलच्या बाहेरच्या जाळीवरून खोलीत उतरतो. केबललाच वेढे देऊन त्याला गच्चीवरच अडवायला हवे. हे सारे मला सप्रमाण मांडता येते — वहीत. सभेत मी "हो काका" म्हणाले.

रविवार, ११
आठवी सळई. वायरमनदादा म्हणाले, "काका, अजून दोन ठोकल्या तर पाणी लागेल." काका सोडून सगळे हसले. तेवढ्यात मी गच्चीवर जाऊन अँटेनाखालच्या जादा केबलचे भेंडोळे केले, चिकटपट्टीने आवळले. खाली आले तो काका माईकला ओठ टेकवून बोलत होते. झिणझिणी गायब! "बघा, आठवीनं काम केलं." टाळ्या. मीही वाजवल्या.

शनिवार, १७
'सळईचे सामर्थ्य' — काकांचे दीड तास व्याख्यान. अक्षर चांगले म्हणून तक्ते माझ्याकडे. "उद्या माईक तुझा, बाळ."

रविवार, १८
माझ्या सन्मानार्थ काकांनी सकाळी गच्ची आवरली. 'ते गबाळं भेंडोळं' सोडून केबल सरळ केली. मग चाचणीसाठी माईक उचलला — आणि टाकला. नववी सळई मागवली आहे. मी सांगायला उभी राहिले. "बोल ना, बाळ." "पाणी आणू का?" एवढेच तोंडून निघाले.

शुक्रवार, २३
मामाने अडगळीतला संच दिला. घराच्या छपरावर तार ताणली. बाबांनी शिडी धरली. केबलचे भेंडोळे केले. सळई एकही नाही.

शनिवार, २४
आयुष्यातली पहिली हाक दिली. उत्तर आले ते अध्यक्षकाकांचे, मंडळातून : "आवाज स्वच्छ आहे, बाळ. स्स्... किती सळया पुरल्यास?"
"एकही नाही, काका."
खरखरीतून पुन्हा एक "स्स्..." मग, अगदी हळू : "त्या भेंडोळ्याला वेढे किती दिले होतेस?"