तुझ्या पाळीचं पान

माय, तुला लिहायचं म्हणून मी कितीदा बसलो आणि कितीदा उठलो, ते सांगायची लाज वाटते. मागं एकदा जालन्याच्या धर्मशाळेत कागद मांडला होता. शेजारी एक माकडवाला उतरलेला, त्याच्या माकडिणीला नुकतंच पिल्लू झालेलं. ते बघत बसलो आणि सकाळी त्याच्याबरोबरच पुढच्या गावाला चालता झालो. तुझ्या माघारी पोरगं सुधारलं असेल असं तुला वाटत असेल, तर तसं काही झालेलं नाही. आता मात्र पूर्णेतच आहे, रेल्वेत रूळ बदलायचं काम केलेल्या सांधेवाल्या काकांच्या पडवीमागं, आपल्याच खोलीत. काकांनी मधल्या काळात गोवऱ्या भरून ठेवल्या होत्या, म्हणून ती दुसऱ्या कुणाला गेली नाही. तुझ्या चुलीपुढं पाट उलटा टाकून लिहितोय. वर शिंक्यात ते पुस्तक अजून आहे. मी हात लावलेला नाही.

निजामाचं राज्य गेलं आणि शाळेच्या फळ्यावर उर्दूच्या जागी मराठी आली, तेव्हा पोरं शिकायला लागली हे ठीक होतं. पण पोरांच्या मागं तुम्हाला म्हाताऱ्यांना काय सुचलं कोण जाणे. नातवंडांच्या पाटीवरून अक्षरं उचललीत आणि दुपारची गाडी गेली की चाचीच्या अंगणात शेवग्याखाली जमायला लागलात. इंजनावरच्या ड्रायव्हरची विधवा ती, उर्दू फडाफडा वाचायची, पण आपली अक्षरं तिलाही तुझ्याइतकीच नवी. सांधेवाले काका नुकते रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. बाकी आळीतल्या दोघीतिघी येऊन-जाऊन. मास्तर बोलवायचा नाही असं काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मास्तर आला की आपण पुन्हा पोरं होतो," म्हणायचे, "मंग बसा हात पुढं करून." पुस्तकही त्यांनीच आणलेलं, गाडीच्या रिकाम्या डब्यात सापडलेलं. सुरुवातीची पानं फाटलेली, त्यामुळे त्याचं नाव आपल्याला कधी कळलंच नाही. एक राजा राणीला घराबाहेर काढतो, तिथून ते सुरू व्हायचं.

ज्याची पाळी, त्यानं पुस्तक घरी न्यायचं आणि आपलं एक पान बसवून आणायचं. वाचताना तो अडला तर बाकीच्यांनी नुसता हुंकार द्यायचा, गोष्ट ऐकताना देतात तसा. शब्द सांगायचा नाही. कितीही वेळ लागो. मला त्याचं हसू यायचं. एकेका जोडाक्षरापाशी काका घाम पुसत बसलेत आणि भोवती तुम्ही सगळे "हूं... हूं..." करताय, जशी काही गाय अडली आहे. पण पान संपलं की जे भांडण जुंपायचं, ते ऐकायला मीसुद्धा गाडीवर विकायची पेरूची टोपली तशीच ठेवून कुंपणापाशी उभा राहायचो.

"राजानं जा म्हटलं तर जायालाच पायजे," काका म्हणाले होते. "लाल दिवा दावला की गाडीनं थांबायचं. का, ते इचारायचं न्हाई."

"हौ! दिमाग राजा का खराब, और घर से निकली ये," चाची उसळली. "ऐसा कैसा जी?"

तू खाली बघून शेंगा सोलत होतीस. म्हणालीस, "भावजी, दिवा दावणाराच चुकला असंल तर?"

काका पुढ्यातली एक शेंग उचलून सोलायला लागले. उभा जन्म त्यांनी दिवा दाखवण्यात घालवलेला. घरी येईपर्यंत तू गालात हसत होतीस. बाप गेल्यापासून तुला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मग तुझी पाळी आली. राणी दरबारात उभी राहून बोलते, ते पान. भाकरी थापताना पुस्तक परातीपलीकडं उघडं, आणि तू पुटपुटायचीस. दर थापेला एक अक्षर. मी घोंगडीवर लोळत चिडायचो. "माय, भाकर करपायली," म्हणायचो, आणि तू म्हणायचीस, "करपू दे, राणी बोलायलीय." तुझं ऐकून ऐकून ते पान मला पाठ झालं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दुपारी मला नंतरची, मनमाडची गाडी धरायची होती. तिकडं काय होतं आता आठवतही नाही, कुणीतरी कसलं तरी काम आहे म्हटलं असेल. तुला सांगून जावं म्हणून पिशवी घेऊन अंगणात आलो, तर तू नेमकी वाचत होतीस. डोक्यावरचा पदर नीट केलेला, बोट ओळीखाली. 'सिंहासन' या शब्दापाशी बोट थांबलं. सगळ्यांनी हुंकार दिला. तुझे ओठ हलत होते, शब्द आला होता तुझ्या ओठावर. मी बघत होतो ना. पण माझ्याच्यानं राहवलं नाही. शब्द सांगून टाकला. सांगितला तो सांगितला, वर पुस्तक तुझ्या हातातून घेतलं आणि उभ्याउभ्या सगळं पान वाचून काढलं. राजाचा आवाज वेगळा, राणीचा वेगळा, हातवारे करून. चाचीनं "वाह बेटा" म्हणून माझी दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली. काकांनी मांडीवर थाप मारली. आणि तू? तूच सगळ्यांत खूश. "कसं गोड वाचतंय बघा माझं लेकरू," म्हणालीस. तुझे दोन्ही हात मात्र मांडीवर तसेच उघडे होते, पुस्तक धरल्यासारखे.

त्या दिवशी भांडण झालं नाही. राणी खरं बोलली का खोटं, कुणी विचारलंही नाही. मला तेव्हा ते कळलं नाही, कौतुक पचवण्यातच गुंग होतो. गाडी चुकली तीही बरी वाटली. पुढं रोज मीच वाचायचो आणि तुम्ही ऐकायचात. पाळी गेली, घरी न्यायचं गेलं. मग एक दिवस पाथरीकडं बैल घेऊन निघालेला एक व्यापारी भेटला आणि मी "जरा जाऊन येतो" म्हणून गेलो. होळीला परतलो तर शेवग्याखाली कुणी नव्हतं. पुस्तक शिंक्यात, वर धूळ. "तू आलास की वाचू म्हटलं," तू म्हणालीस. "आमाला मेल्यांना कुठं तुझ्यावानी येतंय?" मी वाचलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा गेलो. त्यानंतर परत आलो तो तुझ्या दहाव्यालासुद्धा वेळेवर नाही.

काल काका अंगणात खाटेवर बसून म्हणाले, "तुझ्या मायनं ते पान अख्खं बसवलं व्हतं. मला आदल्या दिशी म्हन्ली, भावजी, उद्या बघा." एवढंच बोलले आणि बिडी पेटवली. मला वाटलं होतं ते शिव्या देतील.

हे पत्र कुठं टाकायचं, प्रश्नच आहे. चुलीत घालावं म्हणत होतो, तेवढ्यात बाहेर टांगा थांबला. चाची हैदराबादला लेकीकडं गेली ती परत येणार नाही, असंच सगळे धरून होते. पण आवाज तिचाच आहे. टांगेवाल्याशी भांडते आहे, काकांना हाका मारते आहे, काका तिला मी आत असल्याचं सांगताहेत, आणि आता दारात काठी वाजली. "अंदर है क्या रे तू? किताब निकाल. तेरी माँ का पन्ना मैं पढूंगी. और तू बीच में बोला तो देख."

माय, मी शिंकं सोडतोय. पण तुला खरं सांगू? नुसता हुंकार देऊन गप्प कसं बसायचं, ते मला अजून येत नाही.