मोठ्या बटणांचा रिमोट

अप्पा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी तुमचा डावा अंगठा मला स्पष्ट आठवतो. उजवी बाजू लुळी पडल्यावर तोच एक तुमचं ऐकत होता. हुलसूरच्या बाजारातलं आपलं कापडाचं दुकान बंद झालं, बीदरच्या शाळेतली नोकरी सोडून मी घरी आले, आणि तुम्ही पुढच्या खोलीतल्या बाजेवर. आई आधीच गेलेली, थोरला भाऊ अण्णा पुण्याला कारखान्यात. दसऱ्याला तो आला आणि डिश बसवून गेला. "आता अप्पांचा टाइम जाईल बघ," म्हणाला. डिशच्या नव्या डब्याच्या रिमोटवर मुगाच्या दाण्याएवढी बटणं, एकाला एक लागून. तुम्ही एक दाबायला जायचात आणि तीन दाबली जायची. एकदा मी पाणी भरायला गेले आणि राशीचे खडे विकणारं चॅनल लागून राहिलं. परत आले तर तुमच्या डोळ्यांत पाणी. "बंद कर गं ते," एवढंच बोललात. त्यानंतर दर दहा मिनिटांनी हाक. "पोरी, बदल." मी कणकेच्या हातानं येते, बदलते, जाते. पुन्हा हाक.

घरात जुना रिमोट होता, कुठल्याही टीव्हीला चालणारा, मोठ्या बटणांचा, तुम्हीच हुमनाबादहून आणलेला. त्याच्यावर डिशचंही बटण होतं. पण सोबतच्या कागदावर आपल्या डब्याच्या कंपनीचं नावच नव्हतं. रिमोट आधीचा, डबा नंतरचा. तरी एका सकाळी मी तुमच्या पायाशी बसले. सेटचं बटण धरायचं, लाल दिवा पेटला की आकडा टाकायचा. कागदावरचे सगळे आकडे टाकून झाले, डबा हलला नाही. मग तळाशी दुसरी रीत दिसली. चालू-बंदचं एकच बटण थांबून थांबून दाबत राहायचं, रिमोट आपणहून एकेक आकडा लावून बघतो, आणि डबा बंद पडला की लगेच सेट दाबायचं. मी दाबतेय, तुम्ही डब्याच्या हिरव्या दिव्याकडे बघताय.

"गेला," तुम्ही म्हणालात.

"लाइट गेली का डबा?"

"पंखा चालू हाय की."

तोवर मी पुढचं दाबून बसले होते. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला दिवा विझला तेव्हा मी चुकले नाही. रिमोट तुमच्या हातात दिला. तुम्ही चॅनल पुढं नेलं, परत मागं आणलं. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा हसलात.

मग घर शांत झालं. दुपारी मी शेजारच्या अक्काकडे शिवण शिकायला बसू लागले. तुमच्याकडे येणं जेवण आणि औषधापुरतं राहिलं. पंधरा दिवसांत हाका पुन्हा सुरू झाल्या. "पोरी, रिमोट चालंना." बघते तर सेल चादरीत पडलेले. लावले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी दारातूनच पाहिलं. तुम्ही रिमोट छातीवर टेकवून अंगठ्याच्या नखानं झाकण सरकवत होतात. बराच वेळ लागत होता. मी नुसती उभी राहिले. सेल निघाल्यावर तुम्ही हाक मारलीत.

"सेल कामून काढलाव, अप्पा?"

"पडले."

"पडले न्हाईत. मी बघितलंय."

तुम्ही भिंतीकडे पाहिलंत. "बस की जरा हितं. एवढं काय काम करायलीस?"

"मलाबी जीव हाय. ह्या घरातून मला कुठं जाता येतंय?"

"मला येतंय व्हय?"

मी आत गेले. चिकटपट्टी आणली आणि झाकणाभोवती तीन वेढे मारले, नखाला टोक सापडणार नाही असं दाबून. त्यानंतर तुम्ही पाच महिने होतात, आणि त्या पाच महिन्यांत रिमोटसाठी एकदाही हाक आली नाही. अण्णाला मी सांगितलं, झाकण सैल होतं म्हणून पट्टी लावली. त्यानं मान डोलावली. हा लिहिलेला कागद मी त्याला दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायला पत्ता नाही.

झाकण घट्ट होतं, अप्पा.