कुंकवाखालचं नाव

चि. सौ. पद्मास,

मी विक्रीकर कचेरीत चाललो आहे. तुझे यजमान, म्हणजे आपला रघू, उठले की मी फिरायला गेलो म्हणून सांग. आज दुपारी रघू वासुदेवरावांच्या चिकपेट बाजारातल्या रेशीम कंपनीत भागीदार म्हणून सही करणार आहे. मी येईपर्यंत त्याला घरातून हलू देऊ नकोस. मी चुकून त्याच्याच चपला घालून चाललो आहे, तेवढी तुला मदत होईल.

काल त्या दुकानात गेलो होतो. सेल्स टॅक्सचं सर्टिफिकेट भिंतीवर देवांच्या रांगेत टांगलंय. दसऱ्याच्या दर आयुधपूजेला लावून लावून काचेवर इतकं कुंकू चढलंय की नाव दिसत नाही. मी बोट लावताच वासुदेवराव ओरडले, “अण्णा, पूजेचं कुंकू पुसू नये!”

“सरी, बरं, मग नाव तुम्हीच वाचून दाखवा,” मी म्हटलं.

ते कॉफी सांगायला म्हणून गेले ते आलेच नाहीत. तेवढ्यात मी पुसून घेतलं. देव रागावले नाहीत. पण नाव भलत्याच कंपनीचं निघालं.

वासुदेवरावांच्या कंपनीची वेगळी नोंदणी असेलही. तेच कचेरीत विचारतो. नसेल, तर गिऱ्हाइकांकडून घेतलेला कर कुठे गेला, हे पोलीस उद्या भागीदारालाही विचारतील. रात्रभर तेच डोळ्यांपुढे येत होतं.

येताना माझ्या हातात पेढे दिसले तर कॉफी टाक. हात रिकामे दिसले तर रघू आत आहे ना बघ आणि दाराला कडी घाल. मला नंतर घरात घेतलंस तरी चालेल.

— मामंजी