सात नंबरच्या संगणकावरचं वाक्य

३ ऑगस्ट १९९८, जळगाव

आज कॉलेजच्या नव्या संगणक-खोलीत लेखनाचा पहिला तास! चपला बाहेर, यंत्रांना हार, प्राचार्यांच्या हस्ते नारळ. देवळाची कसर नको! एका संगणकावर दोघं. मी आणि माझा रूम पार्टनर वना – सात नंबरवर.

सुनंदाबाई मॅडम म्हणाल्या, "एकानं लिहिलेलं सगळ्यांच्या पडद्यावर दिसेल. नाव दिसणार नाही. मोकळं लिहा."

मोकळं! जळगावात!

१० ऑगस्ट

विषय – मुलाचं मुलावर प्रेम असू शकतं का?

पोरं चेकाळली. "परदेशी खूळ." "लग्न लावून द्या, सुतासारखा सरळ येईल." त्या बायकोचं काय, ते कुणी लिहिलं नाही. जागा पुरली नसेल. वनानं टाकलं, "अशांना दोंडाईच्याच्या गुरांच्या बाजारात न्या, फुकटसुद्धा कुणी घेणार नाही." सगळे हसले. मीही. फार छान हसतो मी – सराव आहे.

मग वना पाणी प्यायला गेला आणि मला अवदसा आठवली. टाइप केलं – "मी तसाच आहे. इथंच बसलोय."

सगळ्या माना एकमेकांकडे वळल्या.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "ज्यानं लिहिलं, त्यानं बरं केलं."

११ ऑगस्ट

संस्कृती धोक्यात! प्राचार्य बन्सीलाल सरांनी संगणकवाल्याकडून शोधून काढलं – वाक्य सात नंबरवरचं. नाव दिसणार नाही म्हणे! उद्या दोघांना बोलावलंय. घरीही कळवणार. अमळनेरहून अण्णा येतील. ते मारणार नाहीत. नुसते बघतील.



१२ ऑगस्ट

"दोघांपैकी तसा कोण?" सर.

मॅडम मध्ये पडल्या, "विषय मी दिला सर. मला विचारा."

"तुमचंही बघतोच."

मी सरांच्या टेबलावरचे पेपरवेट मोजत होतो. जीभ एरवी काय चुरूचुरू चालते!

तेवढ्यात वना म्हणाला, "मी. मी तसाच आहे."

वना! बाजारवाला!

सर म्हणाले, वडिलांना आणल्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही. मला म्हणाले, "तू सुटलास. संगत बघून करत जा."

१३ ऑगस्ट

वनाला गावी, दोंडाईच्याला जाणाऱ्या एसटीत बसवलं. गाडी सुटता सुटता धीर केला, "माझ्यासाठी खोटं का बोललास?"

त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. घरच्या अहिराणीत म्हणाला, "पितांबर, खोटं कोन बोलनं?"